टक्क्याच्या खुणेआड

“‘टीनी इथे नेहमी घाई करते. घरी कोणी वाट बघत नसतानाही.’” फीनने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, अधिक मोठ्याने वाचलं. “ह्यूब, हे काय आहे?”

ह्यूब स्वयंपाकघरात टेबलाशी बसून चेरीच्या व्लाईचा, म्हणजे आमच्याकडच्या गोड सारण भरून भाजलेल्या पायचा, दुसरा तुकडा ताटलीत पडायची वाट बघत होता. व्लाईचा रस टेबलावर गळू नये म्हणून त्याच्या बायकोने, फीनने, खाली प्रिंटरमधून उरलेला एक कागद अंथरला होता. क्लॅरिनेटच्या वाटणीचा जादा कागद. त्यावर, लाल डागाला खेटून, स्वरांच्या अगदी डोक्यावर, सुबक तिरक्या अक्षरांत ते वाक्य छापलेलं होतं.

“दे इकडे,” ह्यूब म्हणाला.

“आधी सांग. टीनीला पण हाच कागद गेलाय?”

सकाळीच ह्यूब सायकल काढून गावभर फिरला होता आणि बँडमधल्या प्रत्येकाच्या दारावरच्या पत्रपेटीत आपल्या हाताने एकेक लिफाफा टाकून, शीळ घालत घरी आला होता. त्याच्या हातातला काटा खाली आला.

आमच्या लिंडरबेक गावाच्या बँडमध्ये ह्यूब मोठा ढोल वाजवतो आणि बँडचे कागद सांभाळतो. पहिलं काम त्याला लोकांनी दिलं, दुसरं त्याने स्वतः ओढवून घेतलं. जन्मभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून बँडच्या जुन्या फाटक्या कागदांवरची स्वरलिपी तो संगणकावर उतरवायला बसला. तेही सरळ मार्गाने नाही. बाकीचं जग पडद्यावरच्या पाच रेघांवर माउसने टिकल्या चिकटवतं. ह्यूबला तो पोरखेळ वाटतो. त्याचा प्रोग्रॅम फक्त अक्षरं खातो. सुराचं नाव, त्याची लांबी, पुढचा सूर, पुन्हा लांबी, असं ओळीमागून ओळ टाइप करत जायचं. बघणाऱ्याला ते डॉक्टरच्या चिठ्ठीइतकंच समजतं. मग एक कळ दाबायची, की त्यातून रेघा, टिकल्या, शेपट्या सगळं जिथल्या तिथे घेऊन देखणा कागद बाहेर पडतो. “छापून येईपर्यंत काय निघणार ते कळत नाही,” फीन म्हणते, “म्हणजे लग्नासारखंच की.”

या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे. ओळीत टक्क्याची खूण घातली, की तिच्यापुढचं तो काहीही वाचत नाही. तिथे वाटेल ते लिहा, कागदावर उतरत नाही. लिहिणाऱ्याला स्वतःसाठी टिपण करता यावं, एवढाच हेतू. ह्यूबला कारखान्यात सवयच लागलेली होती, नकाशात काही बदललं की कडेला कारण नोंदवायचं, नाहीतर मागून येणारा माणूस आपल्या नावाने खडे फोडतो. ती सवय त्याने इथे आणली. जूनमधल्या चर्चच्या मिरवणुकीत चालताना वाजवतात त्या मार्चच्या धुनेत तर त्याची वर्षानुवर्षांची कारणं साठली होती. कोण कुठे चुकतं, का चुकतं आणि त्यावर ह्यूबने काय तोड काढली, सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्यूबची मूठ या खुणेआड झाकलेली होती.

मग यंदा बँडच्या पुढे चालून ताल देणाऱ्या कंडक्टर इवेटने आपल्या सूचना घातल्या. पोरगी हुशार, प्रोग्रॅम ह्यूबकडूनच शिकलेली. ‘इथे हळू’, ‘इथे श्वास’, असं तिने सगळ्यांच्या फायलींत लिहून ठेवलं, पण गुरूचा कित्ता गिरवत टक्क्याच्या खुणेपुढे. “ह्यूबकाका, एवढं कागदावर छापून येईल ना?” तिने विचारलं. आता एकेक सूचना उचलून योग्य जागी ठेवायची, तर आठवडा गेला असता. ह्यूबने बाह्या सरसावल्या आणि एकच फर्मान लिहिलं: सगळ्या फायलींत जिथे जिथे टक्क्याची खूण दिसेल, तिथला मजकूर स्वरांच्या डोक्यावर छाप. प्रोग्रॅमने निमूटपणे ऐकलं. ह्यूबने कागदांची पहिली बाजू तपासली, तिथे ‘हळू’ आणि ‘श्वास’ झोकात बसले होते. मागची बाजू त्याने बघितली नाही. ह्यूबच्या टिपा सगळ्या मागच्या बाजूला होत्या, कारण आमचा बँड साधारण तिथूनच चुकायला लागतो.

“बघ तरी, कोणाकोणाचं काय लिहिलंयस,” फीन म्हणाली.

ह्यूब संगणकापुढे बसला आणि एकेक फाइल उघडत गेला. बहुतेक टिपा निरुपद्रवी निघाल्या. ‘इथे जुन्या कागदाला भोक होतं’ वाचून कोणी मनाला लावून घेणार नव्हतं. पण चार कागद मात्र सुरुंग होते. टीनीचा एक. बेकरीवाल्या गीलचा दुसरा, त्यात त्याच्या ट्यूबा या मोठ्या भोंग्याच्या ओळीवर लिहिलं होतं, ‘गीलला इथे विश्रांती द्यावी. नाही दिली तरी तो घेतोच.’ तिसरा मार्लीनचा, दुसऱ्या ट्रम्पेटचा: ‘फुन्सचा वरचा सूर इथे मार्लीनने हळूच वाजवायचा. फुन्सला कळू देऊ नये.’

आणि चौथा खुद्द फुन्सचा. ‘फुन्सला हा सूर आता झेपत नाही.’

फीन खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिने ते वाचलं आणि चष्मा पुन्हा कपाळावर सारला.

फुन्स म्हणजे आमच्या बँडचा पहिला ट्रम्पेट आणि ह्यूबचा शाळेच्या बाकापासूनचा मित्र. मिरवणुकीच्या दिवशी फुन्सच्या दारापुढे फुलांची वेदी मांडतात, तिथे सगळी मिरवणूक थांबते, आणि मार्चच्या शेवटी फुन्सचा एकट्याचा सूर सगळ्यांच्या वर चढतो. ती वेदी त्याची बायको तूस सजवायची. ती गेल्यापासून फुन्सकडे उरल्या कोंबड्या आणि ट्रम्पेट. पण आता दातही हलतात आणि दमही पुरत नाही. एका तालमीत तो सूर मधेच फाटलेला ह्यूबने ऐकला, आणि फुन्सला पत्ता लागू न देता तो मार्लीनच्या कागदात लिहून टाकला. एरवी फुन्सला सांगणार कोण? एकदा तालमीत कोणीतरी न विचारता त्याच्या खुर्चीवर मऊ गादी ठेवली, तर तो अख्खा पावसाळी हंगाम तालमीला फिरकला नव्हता. ‘झेपत नाही’ वाचल्यावर तो ट्रम्पेट खुंटीला टांगणार, हे ठरलेलं. आणि त्यानंतर त्या घरात दिवसभर नुसत्या कोंबड्यांच्या संगतीत तो काय करील, याचा विचार ह्यूबला करवेना. त्याला खरोखर भीती वाटली.

“मग बसलायस काय? ऊठ, कागद गोळा करून आण,” फीन म्हणाली.

“लोकांना सांगू काय?”

“सांग, मागचं पान चुकलंय. खोटं आहे का त्यात काही?”

ह्यूबने टोपी घातली. जवळ फुन्सचं घर होतं, पण त्याने सायकल उलट दिशेला वळवली. ज्या दाराची धास्ती, ते दार माणूस शेवटी ठेवतो.

रविवारच्या मिरवणुकीसाठी गावातली सगळी घरं व्लाई मागवत होती आणि गीलच्या बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गील पिठाने माखलेल्या हातांनी ह्यूबला म्हणाला, “तुझी ऑर्डर फीनने आधीच दिलीय.”

“ऑर्डर नको. सकाळचा लिफाफा कुठाय?”

“कुठला लिफाफा?”

“मार्चच्या कागदांचा! उघडलास का?”

गीलने आठवून आठवून काउंटरखाली हात घातला. लिफाफा डगमगत्या वजनकाट्याच्या एका पायाखाली होता, चिकटवलेला, जसाच्या तसा. “उघडायचा होता का? उद्या तालमीला उघडतोच की.”

“तालमीच्या आधी घरी एकदा वाजवून बघावं माणसाने!” ह्यूबच्या तोंडून निघून गेलं. हे वाक्य तो गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी म्हणत आला होता.

“बघितलं असतं तर काय झालं असतं?”

“काही नाही. बरं झालं नाही बघितलंस. आण इकडे, मागचं पान चुकलंय.”

“मग काट्याखाली काय घालू?” गीलने विचारलं. ह्यूबने खिशातून हातरुमाल काढून दिला. गीलला भरून आलं असावं, कारण त्याने ह्यूबला जर्दाळूच्या व्लाईचा तुकडा उभ्या उभ्या खायला लावला. आमच्याकडे व्लाईला नाही म्हणणं म्हणजे घरच्या माणसांना नावं ठेवणं.

टीनीकडे प्रकरण अवघड होतं. निवृत्त शिक्षिका. तिने लिफाफा उघडलाच होता. कागद टेबलावर पांढऱ्याशुभ्र कापडावर पडला होता, पहिली बाजू वर, आणि शेजारी प्लास्टिकचं पाकीट तयार होतं.

“इवेटने छान सूचना लिहिल्यात,” टीनी म्हणाली. “कॉफी घे. बस.”

“मागची बाजू बघितलीस?” ह्यूबचा आवाज चिरकला.

“मागची बाजू मला तोंडपाठ आहे. बघायची काय त्यात?”

म्हणून तर तू घाई करतेस, हे वाक्य ह्यूबच्या अगदी दातांपर्यंत आलं. ते त्याने कॉफीबरोबर गिळलं. “ते पान चुकलंय. मी नवं आणून देतो.”

“चुकलंय? कुठे?” टीनीमधली शिक्षिका ताडकन जागी झाली. “बघू, मी सांगते,” असं म्हणत तिने कागद उलटायला बोट घातलं.

ह्यूबला दुसरं काही सुचलं नाही. त्याने कप कलंडवला. कॉफी कागदावर पसरली, कागदावरून पांढऱ्या कापडावर गेली, कापडावरून टीनीच्या मिरवणुकीसाठी इस्त्री करून ठेवलेल्या हातमोज्यांकडे निघाली. टीनीने हातमोजे वाचवले आणि मग ह्यूबला धारेवर धरलं. शाळेत असल्यापासून तू असाच वेंधळा, तुझी आईही असंच म्हणायची, फीन तुझ्याबरोबर कशी नांदते ते तिचं तिला माहीत! ह्यूब ओला कागद घडी घालून खिशात कोंबत “हो, हो, खरंय” म्हणत होता. इतक्या आनंदाने बोलणी खाणारा माणूस टीनीने आयुष्यात पाहिला नव्हता. शेवटी तिलाच वाईट वाटलं आणि तिने त्याला भाताच्या व्लाईचा तुकडा दिला.

मार्लीन कामावर गेलेली होती. तिच्या दारालाच पाडलेल्या, थेट घरात उघडणाऱ्या पत्रांच्या फटीत लिफाफा अर्धा आत, अर्धा बाहेर अडकलेला दिसला आणि ह्यूबला वाटलं, देव पावला. त्याने कोपरा धरून ओढायला हात घातला. त्या धक्क्याने लिफाफा आत सरकला. ह्यूबने बोटं घातली, मग पंजा, मग मनगट. मनगटावर घड्याळ होतं. घड्याळ आत गेलं, आणि स्प्रिंगच्या झडपेने त्याला परत यायला साफ नकार दिला.

“ह्यूब,” डोक्यावरून आवाज आला. “पोस्टमनचं काम तू उलटं करायला घेतलंयस का?”

रस्त्यावर आडव्या पताका बांधायला मिरवणूक समितीचा लेई शिडीवर चढला होता. त्याच्या हातात हातोडी आणि तोंडात दोन खिळे होते, म्हणून त्याचे शब्द जरा चेपून येत होते.

“अडकलोय,” ह्यूब म्हणाला.

“ते दिसतंय. पण का?”

“टाकलेलं पत्र काढतोय.”

“आमच्या शेजारणीने एकदा असंच काढलं होतं,” लेई म्हणाला. “पण तिचं प्रेमपत्र होतं.”

तेवढ्यात दाराआडून काहीतरी गरम आणि ओलं ह्यूबच्या बोटांना लागलं. मार्लीनचा कुत्रा. त्याने बोटं मन लावून चाटली, व्लाईचा वास लागला असणार, आणि मग चाटण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बोटांखाली पडलेला लिफाफा तोंडात धरून तो आत गेला. लेई शिडीवरून खाली आला, शेजारून साबणाचं पाणी मागून आणलं आणि ह्यूबचा हात घड्याळासकट सोडवला. दोघांनी खिडकीला नाक लावून आत पाहिलं. बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर बसून, कुत्रा मार्चची मागची बाजू सावकाश फाडून खात होता.

“महत्त्वाचं होतं का रे?” लेईने हळहळत विचारलं.

“होतं,” ह्यूब म्हणाला. “आता नाही.”

टेकडी चढताना ह्यूबच्या पोटात तीन तऱ्हेची व्लाई डुचमळत होती आणि तरीही मन हलकं झालं होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीवर तो चिडत आला, तीच आज त्याला तारत होती. बँडमध्ये एकही माणूस घरी सराव करत नाही! फुन्सचाही लिफाफा तसाच बंद पडला असेल. कोंबड्यांच्या खाद्यावर, किंवा फडताळात. सायकल दाराशी टेकवायची, पान चुकलंय म्हणायचं, आणि संपलं.

वळणावर आल्यावर त्याला ट्रम्पेट ऐकू आला.

ह्यूबने ब्रेक दाबले. सूर फुन्सच्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून येत होते. मार्चची मागची बाजू. एकेक ओळ, सावकाश, पुन्हा पुन्हा. इतक्या वर्षांत हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, की सगळ्या गावात सराव करणारा एकच माणूस होता, आणि तो हा होता. सूर चढत चढत त्या जागेपाशी आले. आणि थांबले.

ह्यूब मागच्या दाराने आत गेला. स्टँडवर कागद लावलेला होता. फुन्सने त्याच्याकडे बघितलं, ट्रम्पेट टेबलावर ठेवला आणि दोन कपांत कॉफी ओतली.

“बस.”

ह्यूब बसला. मागचं पान चुकलंय, हे वाक्य त्याने टेकडीभर घोकलं होतं. आता ते निघेना.

“फुन्स, मी सांगतो. ते छापायचं नव्हतं. ती एक खूण असते, तिच्यापुढचं...”

“छापायचं नव्हतं हे कळलं मला. लिहायचं होतं ना?”

ह्यूबने मान खाली घातली. “सूर फाटला तेव्हा मला सहन झालं नाही रे. चारचौघांत तुझं हसं होऊ नये, एवढंच होतं मनात. तू मला हवं ते बोल. पण सोडू नकोस. तुझ्याशिवाय त्या वेदीपुढे मी ढोल कोणासाठी वाजवू?”

फुन्स कॉफी ढवळत राहिला. त्याच्या कपात साखर नव्हती.

“मार्लीनच्या कागदात तू हे कधी घातलंस?”

“मागच्या वर्षाच्या आधी.”

“हं,” फुन्स म्हणाला. “मी तिला त्याच्याही आधीपासून सांगून ठेवलंय.”

“काय सांगून ठेवलंयस?”

“हेच. तो सूर माझ्याऐवजी तिने वाजवायचा. मी गाल फुगवले की तिने सुरू करायचं, असं ठरलंय आमचं. मी वाजवतच नाही तिथे. नुसते गाल.” आणि त्याने फुगवून दाखवले.

“आणि मला नाही सांगितलंस?”

“तुला सांगतो तर तू ढोलावर मुसमुसत बसला असतास. मार्लीनला मी शपथ घातली होती, ह्यूबला कळू देऊ नकोस म्हणून.” फुन्सने कप खाली ठेवला. “खरं सांगू? दर वर्षी तिथे आलो की धडधडायचं. आता कोणीतरी पकडणार. आता पितळ उघडं पडणार. यंदा सोडूनच द्यावं असं चाललं होतं माझ्या मनात. सकाळी तुझा कागद वाचला, आणि तुला सांगतो, जीव भांड्यात पडला. चला, एकाला तरी माहीत आहे, आणि तरी तो गप्प बसलाय.”

ह्यूबला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसायला हातरुमाल शोधला, तर तो गीलच्या काट्याखाली. फुन्सने त्याला कोंबड्यांची अंडी पुसायचं फडकं दिलं.

“मग आता हे पण बघून घे,” फुन्स म्हणाला आणि त्याने लिफाफ्यातून आणखी एक कागद काढला. “माझ्या लिफाफ्यात चुकून आलाय. तुझा आहे. ढोलाचा.”

ढोलाचा कागद ह्यूब स्वतःसाठी कधी छापत नाही. ढोलाची फाइल त्याने एकदा लिहिली आणि पुन्हा ढुंकूनही पाहिली नाही. ढुम आणि ढुम, त्यात बघायचं काय? पण फर्मान सगळ्या फायलींना होतं, म्हणून यंदा तोही छापून निघाला होता. त्याने कागद उलटला. मोठ्या टपोऱ्या ढुमांच्या डोक्यावर सुबक तिरक्या अक्षरांत छापलं होतं:

‘बदली कंडक्टरसाठी: ह्यूबकाका इथून मागे पडतात. बँडने ढोल ऐकायचा नाही, कंडक्टरच्या पायांकडे बघायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. ह्यूबकाकांना कळू देऊ नये.’

इवेट बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्याजागी दुसऱ्या गावचा माणूस आला होता. ह्यूबला आठवलं, तो माणूस पहिल्याच तालमीला आपल्याशी फार गोड बोलला होता.

“सगळ्यांना?” ह्यूबने विचारलं.

“सगळ्यांना.”

“तुला पण?”

“मीच तर तिला सांगितलं,” फुन्स म्हणाला. “पायांची आयडिया माझी. व्लाई खाणार?”

राग यावा म्हणून ह्यूब थांबला, पण राग काही आला नाही. उलट एवढी माणसं इतकी वर्षं आपल्याला सांभाळून चालली आहेत, याचंच त्याला फार बरं वाटलं. त्याने व्लाई खाल्ली.

“मग रविवारी काय करणार आहेस?” निघताना त्याने विचारलं.

“बघू,” फुन्स म्हणाला. “गाल फुगवायचाही कंटाळा येतो.”

रविवारी रस्त्यावर पाकळ्यांचे गालिचे होते, पताका होत्या आणि ऊन नुसतं ओसंडत होतं. ह्यूबने पहिल्या ढुमपासून इवेटच्या पांढऱ्या बुटांवर डोळे रोखले होते. मागची बाजू सुरू झाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ढोल नेमका पावलावर पडला. इवेट दचकली. तिने मागे वळून बघितलं, तिचंच पाऊल चुकलं, आणि तिच्या पायांकडे बघणारा सगळा बँड तिच्याबरोबर चुकला. टीनी तेवढी बरोबर होती, कारण ती आधीच पुढे निघून गेली होती.

वेदीपाशी मात्र सगळे सावरले. सूर चढत चढत त्या जागेला आले. मार्लीन ट्रम्पेट ओठांना लावून फुन्सच्या गालांकडे बघत होती. गाल फुगेनात. फुन्सने एकदा ह्यूबकडे पाहिलं, वेदीकडे पाहिलं, छातीभर श्वास घेतला आणि खरोखर फुंकलं. आधी नुसती हवा आली. मग सूर आला. जरा खाली, जरा खरखरीत, काठावर लटपटत, पण आला आणि टिकला. ह्यूबने ढोल वाजवायचा सोडून श्वास रोखला होता, तो सूर संपल्यावर सोडला. तो सूर लागला की नाही, यावर आमच्या गावात अजून दोन तट आहेत. पण टाळ्या दोन्ही तटांनी वाजवल्या.

काही दिवसांनी ह्यूब संगणकापुढे बसला आणि मार्चमधल्या आपल्या सगळ्या टिपा त्याने एकामागून एक पुसल्या. फुन्सच्या फाइलमध्ये त्या जागी आल्यावर तो थबकला. मग त्याने लिहिलं, ‘इथे फुन्स वाजवतो,’ आणि ते टक्क्याच्या खुणेआड ठेवलं नाही. छापून येईल असं लिहिलं.

शेवटी, आता सवय लावायचीच म्हणून, त्याने ढोलाची फाइलही उघडली. त्या फाइलमध्ये इवेट आधीच येऊन गेली होती. टक्क्याच्या खुणेपुढे नवी ओळ होती: ‘ह्यूबकाका आता वेळेवर वाजवतात. बाकीच्यांना सवय होईपर्यंत जपून.’

फीन कॉफी घेऊन आली आणि तिने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं. “हे पण पुसणार?”

“छे!” ह्यूब म्हणाला. “हे ठळक अक्षरांत छापणार आहे. सगळ्यांच्या कागदांवर. पहिल्या बाजूला.”